चिंचोक्यांची गच्ची

सन १९८४. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो आणि माणसं पुष्कळ पाहून झाली होती. शाळा दुसरीपर्यंतच, पण माणूस ओळखायला शाळा लागत नाही. म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो, कामाशिवाय दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय न लावणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि तो माझा साडू होता. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहायला घाटकोपरला, चाळीतल्या एका खोलीत. पोरबाळ नाही. लोक पाहुणे म्हणून मिठाई घेऊन येतात, हे पाना घेऊन यायचे. माझ्या मुलाच्या लग्नात मांडवाच्या सुतळ्या आवळत फिरले, आणि पंगतीला बोलवायला गेलो तर खुर्चीवर चढून हॉलचा पंखा पुसत होते. नात झाली तेव्हा आधी पाळण्याची कडी ओढून बघितली, तिला तेल घातलं, आणि मग विचारलं, "मुलगा की मुलगी?" कुणाकडे नुसतं जाऊन बसणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटे. माझी बायको चहा पुढे करायची, तर हात आडवा. "अक्का, आधी काम, मग चहा."

त्यांची बायको वारली आणि पंचाईत झाली. दर रविवारी ते नाहूरला आमच्या बैठ्या घरी येत, आणि आमच्या घरातले नळ, कड्या, बिजागऱ्या एकेक करून दुरुस्त होऊन संपत आल्या. एका रविवारी आले, घरभर फिरले, मोडकं काही सापडेना, तसे उभ्या उभ्या परत निघाले. बायको मला हळूच म्हणाली, "अहो, थांबवा त्यांना. हे दार सुटलं तर त्या खोलीत भिंतीशी बोलतील ते." आता 'बसा हो, बसा हो' असा आग्रह करणं माझ्या स्वभावात नाही, ते मी जावयालासुद्धा केलं नाही. मी म्हटलं, "साडू, पत्रे उतरवून वर गच्ची करावी म्हणतोय. फंडाचे पैसे आलेत." ते वळले. पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "टेप कुठाय?"

पुढचं वर्षभर आमच्या अंगणात जी गच्ची झाली तशी कुणा इंजिनियरच्या बापाने केली नसेल. कागदावरचा नकाशा त्यांना मान्य नव्हता. "कागदावर कुणाचं डोकं आपटत नाही, भाऊ," म्हणायचे. त्यांनी अंगणात चुन्याच्या फक्कीने अख्खी गच्ची आखली. कठडा, टाकी, जिन्याचं तोंड, सगळं खऱ्या मापाने. आणि आम्हाला त्यात वागायला लावलं. बायको पापड वाळत घालायला निघाली की हे ओरडायचे, "अक्का, टाकीत उभ्या आहात तुम्ही! बाहेर या!" शेजारचा घाडी वर्गणी मागायला सरळ चुन्यावरून चालत आला तर त्याला म्हणाले, "घाडी, कठड्यावरून खाली पडलास तू. जिन्याने ये." तो बिचारा वळसा घालून, नसलेला जिना चढून आला आणि वर्गणीची पावती हातात धरून धापा टाकत उभा राहिला. त्या चुन्यात आमच्या सुनेने टाकीची जागा दोनदा बदलली, पण नंतर बांधकामात एक वीट हलवावी लागली नाही, हेही सांगतो.

पैशाचं काम तर त्याहून न्यारं. बिस्किटांच्या जुन्या डब्यात त्यांनी चिंचोके आणले. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये. माझ्या फंडाचे तेवढे चिंचोके मोजून घेतले आणि ओटीवर त्यांचे ढीग मांडले. सिमेंटचा, सळईचा, वाळूचा, मिस्त्रीचा. कायदा एकच. ज्याला काही वाढीव हवं त्याने दुसऱ्या ढिगातून सगळ्यांसमोर उचलायचं आणि कुठून उचललं ते तोंडाने सांगायचं. सुनेला तुळशीला कट्टा हवा होता, तिने रंगाचे उचलले. मुलाला गच्चीवर ट्यूबलाइट हवी होती, त्याने वाळूतले दोन चिंचोके घेतले. साडू शांतपणे म्हणाले, "घे की. उद्या स्लॅब तुझ्या डोक्यावर आला तर उजेड पडेल ना." त्याने गुपचूप परत ठेवले. आणि मी? मला कठडा छातीपर्यंत हवा होता. माझ्या घरावर माझा कठडा, मी कुणाचे उचलू? मी खिशातून नवे पैसे काढले. साडू म्हणाले, "भाऊ, हे चिंचोक्यात बसत नाही." मी म्हटलं, "मग चिंचोके वाढवा." वाढवले.

स्लॅब पडला. त्यावर पाणी मारायला हे रोज कामावरून परस्पर येऊ लागले. सांगितलेले दिवस संपले तरी यांची बादली थांबेना. शेवटी मिस्त्री वैतागला, "काका, बास आता. वर भात लावताय काय?" पण मला आणि बायकोला कळत होतं. गच्ची सुकली की यांचं काम संपणार, आणि काम संपलं की हा माणूस येणार नाही.

एका रविवारी नव्या गच्चीवर सत्यनारायण झाला. माणसं प्रसाद खाऊन उतरली. चार कोपऱ्यांत खांबांच्या सळ्या तशाच वर आलेल्या होत्या, त्या मला डोळ्यात खुपत होत्या. मी म्हटलं, "साडू, ह्या उद्या कापून टाकतो."

"कापू नका, भाऊ. सळई कापली म्हणजे घर म्हणालं, आता मी वाढायचं नाही." मग त्यांनी पिशवीतून तो बिस्किटांचा डबा काढून माझ्या हातात दिला. "हा ठेवा. माझं काम झालं. गच्ची झकास झाली हो." बायकोने चहा आणला, तो मात्र त्यांनी बसून, बशीत ओतून, सावकाश प्यायला. जाताना जिन्याच्या दाराची कडी दोनदा लावून बघितली. कडी नवीनच होती. चांगली बसत होती.

त्या सळ्या अजून तशाच आहेत, बायकोने त्यांच्यावर करवंट्या उपड्या घातल्यात. वरचा मजला काही चढला नाही. पण साडू होते तोवर एक रविवार त्या मजल्याच्या हिशोबाशिवाय गेला नाही, आणि आता ते नाहीत तर रविवारची दुपार मोठी होते.

तर सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ते कामावर निघायच्या आत, मी धुतलेला सदरा घातला, डबा काखेत मारला आणि बसने घाटकोपरला गेलो. साडूंनी दार उघडलं. खोलीत सगळं जागच्या जागी, मोडकं काही नाही. "भाऊ? तुम्ही? बसा, चहा टाकतो."

मी डबा त्यांच्या फरशीवर उपडा केला. चिंचोके पार खाटेखाली गेले. म्हटलं, "वर मजला काढायचाय. पैसे नाहीत. आधी काम, मग चहा."