लेकीच्या सासरची दगडी गल्ली

माझ्या मुलीने लग्न ठरवलं तेव्हा मुलाबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. तिच्याच कंपनीतला, सरळ स्वभावाचा. घर मात्र तारापूरकडच्या एका कोळीवाड्यात. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा रिक्षावाल्याने कोपऱ्यावरच उतरवलं. "आगे नहीं जायेगी, पत्थर है," म्हणाला.

खरंच दगड होते. काळे, हाताच्या पंजाएवढे, एकाला एक चिकटून बसवलेले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. बाहेर हमरस्त्यावर केमिकलचे टँकर धावत होते आणि इथे ही गल्ली जशीच्या तशी समुद्राकडे उतरत होती. माझी नवी चप्पल दुसऱ्याच दगडावरून घसरली. मुलाच्या आईने, म्हणजे आता माझ्या विहीणबाईंनी, पुढे होऊन माझं कोपर धरलं.

"हलू, विहीणबाई. पाय आडवा टाका. या दगडांना तुमची ओलख नाय अजून."

बाकी सगळे हसले. मीही हसले. पण माझी मुलगी माझ्या पुढे चालत होती, आणि ती खाली बघतसुद्धा नव्हती. ती इथे आधी किती वेळा येऊन गेली असेल, हे मला तेव्हा कळलं.

आम्ही सांगलीकडचे. यांना बोईसरच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही आलो. भाड्याच्या खोल्या बदलत बदलत शेवटी वन बीएचके घेतला. आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता कधी पाण्याच्या लाइनसाठी खणतात, कधी गॅसच्या. दरवेळी वेगळ्या उंचीचा होतो. मुलगी त्याच रस्त्यावर सायकल शिकली, पण तो रस्ता आज शोधून दाखव म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. आणि विहीणबाई एका दगडाकडे बोट करून सांगतात, "याच्यावर तुमचा जावई पडला होता, हनुवटी फुटली. खूण हाय बघा." दगड तिथेच, खूण जावयाच्या हनुवटीवर. मी काय दाखवणार?

लग्नानंतर मी जळायला लागले. दुसरा चांगला शब्द नाही. फोनवर मुलगी "नाही"च्या जागी "नाय" म्हणायला लागली. मला ती आई म्हणते, विहीणबाईंना आय. एकदा मी न सांगता गेले तर ती कंपनीतून येऊन तशीच, ड्रेसची ओढणी कमरेला बांधून, ओल्या बोंबलांची टोपली काखेत घेऊन गल्ली उतरत होती. माझ्या घरी मी तिला पाण्याची कळशी उचलू दिली नव्हती. ओट्याओट्यावरून बायका तिला हाका मारत होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या दारातल्या माणसांनाही तिचं नाव सांगता आलं नसतं.

गेल्या वर्षी पंचायतीने गल्लीत काँक्रीट टाकायचं काढलं. मुलीने फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं. मी "अगं बाई" म्हणाले, पण फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. आता ती गल्ली आमच्या रस्त्यासारखीच होईल, असं वाटलं.

त्यासाठी गल्लीत बैठक झाली त्या दिवशी मी योगायोगाने तिथेच होते. डिंकाचे लाडू द्यायला गेले होते, मुलीला दिवस गेले होते. पंचायतीचा माणूस कट्ट्यावर बसून समजावत होता. गंमत म्हणजे विहीणबाईच काँक्रीटच्या बाजूने होत्या. "माजे गुडघे गेले. टेम्पो दारापर्यंत येऊ दे. दगड काय चाटायचे हायेत?" माझी मुलगी मात्र उभी राहिली. "आय, दगड नीट बसवून घेऊ. मोऱ्या दुरुस्त करू. उखडायचे कशाला?"

सासू-सुनेची अशी भर गल्लीत जुंपलेली बघून मला बरं वाटत होतं, ते मी लपवणार नाही. तेवढ्यात विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगा. तुमी बोईसरमदल्या. काय बरं?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला खात्री होती.

"काँक्रीटच बरं," मी म्हणाले. "पोटुशी बाई घसरली तर?"

मुलीने मान वळवली. आणि विहीणबाई थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग पंचायतीच्या माणसाला म्हणाल्या, "राहू दे रे. तिला हवे हायेत तर राहू दे दगड. पुढं तिलाच चालायचं हाय इथं, मला किती दिवस?"

"अहो, पण तुमचे गुडघे?" मी म्हणाले.

"गुडघ्यांचं काय, मी मागच्या वाटेनं जाईन."

त्यांनी एका वाक्यात सोडून दिलं. तिच्यासाठी. मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी लाडवांचा डबा धरून उभी होते.

पावसाळ्याआधी गवंडी आले. मोरीजवळचे सैल दगड काढले, खाली खडी भरली, पुन्हा तेच दगड बसवले. एका बाजूने विहीणबाईंना धरायला लोखंडी कठडाही लावून घेतला, तो मुलीनेच पंचायतीत खेपा घालून.

बाळंतपणाला ती माझ्याकडे आली. सव्वा महिना माझी चैन होती. बाळाला तेल लावायचं, तिला अळिवाची खीर, सगळं माझ्या हाताने. न्यायला विहीणबाई स्वतः आल्या, मीही पोचवायला सोबत निघाले. कोपऱ्यावर रिक्षा थांबली तेव्हा मी बाळाला पटकन माझ्याकडे घेतलं. गल्लीतून मीच नेणार होते. विहीणबाईंना ते कळलं असावं. त्या फक्त माझ्या डाव्या बाजूला आल्या, एक हात कठड्यावर, दुसरा माझ्या कोपराखाली.

"मी चालते नीट," मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले.

"चाला ना," त्या म्हणाल्या, पण हात काढला नाही. ओट्यावरच्या बायका बाळाला बघायला उठल्या, आणि आम्ही दोघी तशाच सावकाश खाली उतरत गेलो.