मैदानाची मोजणी मी मोडली

भाटियाबाईने ही गोष्ट आख्ख्या सोसायटीत तिखटमीठ लावून सांगितलीच आहे, तर आता माझ्या तोंडून बिनमिठाची ऐका. जायची ती अब्रू जाऊन झाली. सांगायला आता भीती कसली?

आम्ही दिल्लीलगतच्या गुडगावला राहायला आलो तेव्हा ते गाव निम्मं मोहरीचं होतं आणि निम्मं काचेचं. एका अंगाला पिवळं शेत, दुसऱ्या अंगाला चकचकीत ऑफिस, मध्ये आमची बिल्डिंग. घर पाचव्या मजल्यावर. मुलगा खूश, सून खूश. मी वर्ध्याकडची, जन्म वावरात गेलेला. पाचव्या मजल्यावर पाय टेकला तर तो कुणाच्या तरी छतावर टेकतो. खाली जमीन आहे असं काही वाटेना.

पण बिल्डिंगसमोर एक मोकळं मैदान होतं. घर विकताना बिल्डरने रंगीत कागदावर तिथे बाग दाखवली होती. झोके, कारंजं, गोरी गोरी मुलं. प्रत्यक्षात कुसळं होती. माझी काही तक्रार नव्हती. थंडीत आम्ही बायका तिथे उन्हाला बसायचो. कोपऱ्यात मी मेथी टाकली होती. एवढ्या मोठ्या दिल्लीत माझ्या पायाला माती लागायची ती तेवढ्याच जागी. आणि त्याच हिवाळ्यात बातमी उठली, की बाग वगैरे काही नाही, बिल्डर तिथे दुकानांची इमारत उठवणार.

तेव्हापासून माझा डोळा त्या मैदानावर. बाल्कनीत खुर्ची टाकून पहारा. कोणी वाकून चपलेचा पट्टा नीट केला तरी मला वाटायचं, मोजतोय.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला संशयाचं वेड. असू दे. आमच्याकडे जमिनी गेल्या त्या अशाच गेल्या. मोजणीवाला येतो, गोड बोलतो, पाणी मागतो, खुंट ठोकतो आणि निघून जातो. पुढे कधीतरी कळतं, की खुंटापलीकडचं आपलं राहिलं नाही. माझ्या सासूने मला स्वयंपाक नंतर शिकवला, धुरा राखायला आधी. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. एकदा रस्त्याची मोजणी आली. मोजणीवाला जेवून निंबाखाली आडवा झाला, तेवढ्यात सासूने न् मी सगळे खुंट चुलत दिराच्या वावरात नेऊन ठोकले. रस्ता तिथे अजून वाकडा जातो. नवखा माणूस विचारतो, इथे वळण कशाला दिलं? गावात कोणाला ठाऊक नसतं. (नात लिहिता लिहिता हसते आहे. लिही गं, थांबू नको.)

आता सुनेचं सांगते. वैशालीचं काम नकाशांचं. कॉम्प्युटरवर नकाशे करायचे, कुठल्या रस्त्याखाली पाण्याचा पाइप आहे, कुठे विजेचा खांब आहे, ते सगळं त्यात भरायचं. जीआयएस म्हणतात त्याला. त्या आठवड्यात तिचं ट्रेनिंग होतं, म्हणजे शिकवणारी ती. ठिकठिकाणचे साहेबलोक शिकायला आले होते. आणि शिकायचं कुठे, तर म्हणे हॉटेलात. मला ते पटलं नाही.

"शिकायला शाळा असते. हॉटेलात जेवतात."

"अहो आई, तिथे हॉल असतो. मोठा पडदा असतो."

"आणि जेवण?"

"जेवण पण असतं."

"मग बरोबर आहे. त्यासाठीच येतात."

ती हसलीसुद्धा नाही. घाबरलेली होती बिचारी. आख्खं ट्रेनिंग तिच्या एकटीवर पहिल्यांदाच टाकलं होतं. शेवटच्या दिवशी त्या साहेबलोकांना बाहेर नेऊन यंत्राने जागेचे आकडे घ्यायला शिकवायचं होतं. त्यासाठी दिल्लीच्या द्वारका भागातलं एक मैदान ठरलं होतं. एवढं मला माहीत होतं, आणि एवढंच माहीत होतं.

त्या शेवटच्या दिवशी वैशाली हॉटेलात गेली आणि मी पहाऱ्यावर बसले. थोड्या वेळाने मैदानापाशी एक जीप थांबली. एक माणूस उतरला आणि जागोजागी लाल झेंड्या रोवत सुटला. प्रत्येक झेंडीपाशी हातातलं यंत्र बघायचा, काही टिपायचा, पुढे जायचा. एक झेंडी माझ्या मेथीत. सगळं झाल्यावर जीपमध्ये जाऊन झोपला. मागोमाग एक छोटी बस आली. त्यातून माणसं उतरली, गळ्यात पट्टे, हातात मोबाइलएवढी यंत्रं. पण कानाला कोणी लावेना. तळहातावर धरून सगळे आकाशाकडे तोंड करून उभे, जशी चतुर्थीला चंद्राची वाट बघावी.

मी शेजारच्या भाटियाबाईचं दार ठोठावलं. निघताना आमच्या घरात फोन वाजत होता. म्हटलं, वाजू दे. इथे जमीन चालली आहे.

खाली गेले आणि त्यांच्यातल्या एका जाड चष्म्याच्या माणसाला धरलं.

"बेटा, क्या कर रहे हो?"

"माताजी, ट्रेनिंग है. ये मशीन सैटेलाइट से पूछकर बताती है कि हम कहाँ खड़े हैं."

मी वर पाहिलं. आकाशात एक घार होती.

"यहाँ खड़े हो," भाटियाबाई म्हणाली. "इतना तो मैं भी बता देती."

"कहाँ से आए हो?" मी विचारलं.

"जी, मैं जयपुर से. पानी का महकमा."

त्याच्या शेजारचा म्हणाला, मी डेहराडूनचा, जंगल खात्यातला. एक पोरगी होती ती लखनौची, टेलिफोनवाली.

आता तुम्हीच सांगा. पाणी, जंगल आणि टेलिफोन हे तिघं एका मैदानात कशाला येतील? तेही गुडगावात? तिथे पाणी टँकरने यायचं, झाड औषधाला नव्हतं, आणि टेलिफोन होता तो निम्मा वेळ मुका असायचा. खोटं बोलायचं तरी जरा जुळवून बोलावं की नाही?

मी भाटियाबाईला बाजूला घेतलं. "हे सगळे बिल्डरचे आहेत."

"शकल से ही लगते हैं," ती म्हणाली. "अब?"

"तुम्ही यांना खायला घाला. बाकी मी बघते."

भाटियाबाई म्हणजे पक्की पंजाबी. दारात आलेल्या चोरालाही आधी बसवून खिलवेल. तिने सगळ्यांना, ठंड कितनी है, पहले गरम कुछ खा लो, करत सोसायटीच्या पडवीत नेलं आणि गोभीच्या पकोड्यांचा घाणा काढला. झेंडीवालासुद्धा वासाने जागा होऊन आला. कोणी नको म्हटलं नाही. हॉटेलात शिकणारी माणसं ती.

इकडे मी पदर खोचला. झेंडी उपटायची, पदराखाली घ्यायची, मेथी बघत बघत पुढे जायचं आणि नेमकं पाहून रोवायची. सासूचा नियम असा, की खुंट कधी फेकून द्यायचा नाही. फेकला तर बोंब होते, सरकवला तर कोणाला कळत नाही. मैदानाच्या पलीकडे बिल्डरचं स्वतःचं ऑफिस होतं, पत्र्याचं. मी सगळ्याच्या सगळ्या झेंड्या त्याच्याकडे सरकवल्या. म्हटलं, उठव इमारत. उठव तुझ्याच ऑफिसच्या डोक्यावर.

मंडळी पोट भरून परतली आणि माझ्या झेंड्यांपाशी उभं राहून मोठ्या इमानाने आकडे घेऊ लागली. मी उन्हात बसून मेथी निवडत होते. इतकं समाधान मला पोराच्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

बस गेली. जेवून मी जरा पडले, आणि खालून गाड्यांचा आवाज आला. बाल्कनीतून पाहते तर सकाळची सगळी टोळी परत हजर. सोबत एक कोटवाला साहेब. आणि त्या साहेबाच्या शेजारी उभी राहून, हातात नकाशा धरून, मैदानाकडे बोट दाखवणारी आमची वैशाली.

घरातलंच माणूस फितूर. म्हणूनच ते हॉटेल, म्हणूनच तो पडदा. सगळं कसं लख्ख जुळलं.

मी लिफ्टची वाट पाहिली नाही. जिन्याने उतरले आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे उभी राहिले.

"वैशाली, घर तुझंही आहे ना? मग मैदान गिळायला यांना तूच आणलंस?"

"आई, काय बोलताय?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझं ट्रेनिंग आहे हे. द्वारकेच्या मैदानात लग्नाचा मांडव पडलाय, म्हणून सकाळी यांना इथे पाठवलं. तुम्हाला सांगायला फोन केला होता. उचलला नाहीत."

मी त्या जाड चष्म्याच्या माणसाकडे पाहिलं. त्याने हात जोडले. म्हणजे हा खरंच जयपूरचा होता. खरंच पाण्याचा होता.

"आणि आता आकडे जुळत नाहीयेत," वैशाली म्हणाली. "आपल्या माणसाने सकाळी घेतलेले वेगळे, यांचे सगळ्यांचे वेगळे. ही यंत्रं मी हट्टाने घ्यायला लावली होती, आई. आता सर म्हणतील, शिकवणारीलाच येत नाही."

कोटवाले साहेब नकाशा बघत होते. म्हणाले, "अजीब बात है. सब के सब एक ही तरफ़ खिसके हैं. मशीनें इतनी मिल-जुलकर ग़लती नहीं करतीं."

नखांत माती होती ती लुगड्याला पुसत होते. भाटियाबाई शेजारी येऊन उभी होती. मला कोपर मारून म्हणाली, "बता दे, बहन. पकौड़े मेरे थे, झंडियाँ तेरी."

काय करणार? सुनेचा चेहरा बघवत नव्हता. म्हटलं, "साहब, मशीन ठीक है. झंडी मैंने खिसकाई."

मग साहेबांनी विचारलं, "क्यों, माताजी?" मी सगळं सांगितलं. बिल्डर, बाग, मोजणी, सासू. साहेब ऐकता ऐकता कुसळांतच बसले आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसले. वैशाली मात्र हसली नाही. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तसं माझ्या सासूनेही कधी माझ्याकडे बघितलं नव्हतं.

शेवटी साहेबच म्हणाले, "वैशाली, हे तर शिकवायलाच हवं. हॉलमध्ये कळत नाही, बाहेर गेलं की असंच होतं." तेव्हापासून तिच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पडद्यावर एक पान येतं, मोजताना आकडा कशाने चुकतो ते. उंच इमारती. दाट झाडं. उतरलेली बॅटरी. आणि सगळ्यात खाली, सासू. नोएडापासून द्वारकेपर्यंत जितके नकाशेवाले आहेत तितके मला ओळखतात.

तिचं ट्रेनिंग निभावलं. पण घरी मला चांगलं तास घेऊन शिकवलं. "आई, यंत्र घेऊन आलेला प्रत्येक माणूस चोर नसतो. शिकायला आलेला असतो. जरा विश्वास ठेवायला शिका."

शिकले. खरंच शिकले. या वयात माणूस सुधारत नाही म्हणतात ते खोटं आहे.

होळी झाली, ऊन तापायला लागलं, आणि एक दिवस मैदानात परत माणसं आली. या वेळी तीन पायांवर उभं राहणारं मोठं यंत्र, लांब टेप आणि नव्या झेंड्या. भाटियाबाई धावत आली. "फिर आ गए."

"येऊ द्या," मी म्हटलं. "वैशालीची मुलं असतील. शिकू द्या बिचाऱ्यांना."

मी खाली गेले. फार सभ्य माणसं. विचारलं, "ट्रेनिंग है?" त्यांतला एक जरासा थांबला आणि म्हणाला, "जी, माताजी." टेपचं टोक धरायला त्यांच्याकडे माणूस कमी होता, ते मी धरलं. हद्द कुठवर आहे विचारलं, तर मेथीपर्यंत चालत जाऊन दाखवली. जेवायला जाताना ते म्हणाले, झेंड्यांकडे जरा बघाल का?

बघाल का काय? मी भर उन्हात डोक्यावर पदर घेऊन बसले. पोरं क्रिकेट खेळायला आली, हाकलली. गाय आली, तिला हाकललं. भाटियाबाईचा हात एकदा झेंडीकडे गेला, तर मी तिला बोलायचं ते बोलले.

संध्याकाळी वैशाली घरी आली. मी तिला म्हटलं, "आज तुझ्या मुलांची काळजी करू नको. एक झेंडी इकडची तिकडे झाली नाही."

ती चपला काढता काढता थांबली.

"आई, आज माझं कुठलंच ट्रेनिंग नव्हतं."

आता तिथे दुकानांची मोठी इमारत आहे. आमच्या बाल्कनीतून दिसते ती तिची मागची भिंत. येणारेजाणारे म्हणतात, काय सरळ काढली आहे, ओळंब्यात. असणारच. पहाऱ्यावर मी होते.