कमलबाईंच्या चपला

तीन महिने वापरलेली काळ्या पट्ट्याची चप्पल नवीकोरी दिसत होती. मी ती उजेडात धरून पाहिली. समोर बाकावर कमलबाई बसल्या होत्या, तळपायाला पट्टी.

"रोज घालता ना, बाई?"

"घालतो न, दादा."

अमरावती जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात कुष्ठरुग्णांच्या चपला बनवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. रोग गोळ्यांनी बरा होतो, पण मेलेल्या नसा परत येत नाहीत. पायात काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून आम्ही एमसीआर नावाचं मऊ रबर वापरतो. खिळा एकही नाही, सगळं शिवलेलं नि चिकटवलेलं. रोज घातलं की त्या रबरावर बोटांचे खळगे पडतात. कमलबाईंच्या चपलेवर एकही नव्हता.

जखम तिसऱ्यांदा उघडली होती. आमच्या डॉक्टर मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सॅम्युअल, आता हाडापर्यंत गेलं तर पाय वाचणार नाही."

पट्टी बदलून बाई शेंदूरजनाघाटला गावी गेल्या, संत्र्याच्या बागेतल्या कामावर. त्या आठवड्यात सकाळच्या प्रार्थनेत चर्चचे पाळक युद्धाच्या, पुराच्या, उपाशी मुलांच्या बातम्या सांगत होते. आम्ही एकेका देशाचं नाव घेऊन 'आमेन' म्हणत होतो. मीही म्हणालो, पण डोळे मिटले की ती कोरी चप्पलच दिसायची. रविवारी चर्चला न जाता मी वरूडची एसटी धरली.

खिडकीबाहेर धुकं होतं. संत्र्याच्या बागांना आंबिया बहार आला होता. गाडी थांबली की फुलांचा वास आत यायचा, सुटली की मागे राहायचा. मी झोपेत होतो की जागा, नीटसं आठवत नाही. शेंदूरजनाघाटला उतरून विचारत विचारत बागेत पोचलो, तेव्हा धुक्यातून ऊन झिरपत होतं. झाडांखाली आधीच्या मृग बहाराच्या संत्र्यांचे ढीग नुसते तेजाळत होते. त्यातून एक बाई डोक्यावर फळांचं प्लास्टिकचं कॅरेट घेऊन सावकाश चालत आली. अनवाणी.

मला पाहून कमलबाई जागीच थबकल्या. मालकानं विचारलं, "कोन पाह्यजे, भाऊ?"

"बाईंच्या ओळखीचा आहे. इकडून जात होतो."

त्या मला बागेच्या टोकाशी घेऊन गेल्या. आवाज दाबून म्हणाल्या, "दादा, तुमी इथं काहून आले?"

"चपला कुठे आहेत?"

"पेटीत. ते दवाखान्याच्या काया पट्ट्याच्या चपला साऱ्या गावाले मालूम हायेत. पायात दिसल्या का उद्या कोनी मले कामावर बोलवन? माह्या हातचं पानी तरी कोनी पेन?"

खाली पाहिलं तर पट्टी मातीनं काळी झाली होती, आणि टाचेत संत्र्याच्या झाडाचा लांब काटा रुतलेला. त्यांना पत्ता नव्हता. ठिबकच्या नळीतून पाणी थेंबथेंब पडत होतं. मी खाली बसलो, तो पाय मांडीवर घेतला, काटा काढला, माती धुतली. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या पाण्यात माती किती निघाली असेल, हा विचार मात्र तिथे पहिल्यांदा आला. वर पाहिलं तर कमलबाई तोंडावर पदर धरून रडत होत्या. फुलं गळून आमच्या दोघांच्या अंगावर पडत होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमपुढे बाजारातून आणलेली एक मरून सँडल ठेवली.

"मला असंच वरून दिसणारं करायचंय. आत आपलं रबर."

"मॅन्युअलमध्ये हे डिझाइन नाही."

"मॅन्युअलमधली चप्पल पेटीत पडली आहे, मॅडम."

त्यांनी सँडल उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, "पट्ट्याचा दाब मी स्वतः तपासणार."

कमलबाई पुन्हा दवाखान्यात आल्या, भरती झाल्या. पहिला जोड बिघडला, सोनेरी बकल घोट्याला घासत होतं. दुसऱ्यात ते बाहेरून नुसतं शोभेला लावलं. कमलबाईंनी ती घालून वॉर्डमध्ये दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "लग्नातबी घालीन मी हे."

त्यांचं एक बोट आधीच सडलं होतं, ते काढावं लागलं. पाय राहिला. संत्र्याचा पुढचा हंगाम त्यांनी पूर्ण केला.

आता नवीन टेक्निशियन शिकायला आले की मी त्यांना सांगतो, मापाची टेप काढण्याआधी रुग्णाला विचारा, "तुमच्या पायांकडे कोण कोण पाहतं?" ते वहीत लिहून घेतात. बहुतेकांना वाटतं, म्हातारा विषय सोडून बोलतोय.