आमच्या मुलीकडे लक्ष ठेवा

"परदेशात आपली माणसं असली की बरं असतं," असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं सटकतं. मला शिकागोत असा एक आपला माणूस भेटला होता, नव्वदच्या दशकात. तो एकटाच पुरून उरला.

पीएचडी करायला मी जळगावहून तिथे उतरले तेव्हा तोच विमानतळावर घ्यायला आला होता. तशी पद्धतच होती. जळगाव, नागपूर, पुणे, कुठूनही नवा विद्यार्थी येणार असला की तिथल्या मराठी मुलांपैकी कुणी सीनियर मित्राची गाडी मागून आणायचा, नव्या माणसाला आठवडाभर आपल्या कार्पेटवर झोपायला जागा द्यायचा, बँकेत खातं उघडून द्यायचा, तूरडाळ कुठे मिळते ते दाखवायचा. हे सगळं त्याने माझ्यासाठी केलं, नाही म्हणणार नाही. तो पुण्याचा, माझ्या दोन वर्षं पुढे. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्याच आठवड्यात राखीपौर्णिमा आली. कुणीतरी भाऊ भेटेलच म्हणून आईने लोणच्याच्या बरणीशेजारी एक राखी ठेवून दिली होती. ती मी त्याला बांधली. संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याच्याशीही बोलून घेतलं. "आमच्या मुलीकडे लक्ष ठेवा," म्हणाले. तो म्हणाला, "काका, तुम्ही निश्चिंत राहा."

लक्ष ठेवणं म्हणजे ताप आला तर गोळी आणून देणं, असं मला वाटलं. मी तरी काय करणार, माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या अपार्टमेंटवर आम्ही सगळे जेवायला जमायचो. मुली पोळ्या लाटायच्या आणि मुलं सोफ्यावर पसरून शुक्रवारच्या गोष्टी सांगायची. शुक्रवारी ही मंडळी डाउनटाउनला जायची. कुठल्या बारमध्ये कोण किती प्यायलं, कोण ट्रेनमध्ये झोपून शेवटच्या स्टेशनला पोचला, कोणी कुठल्या मुलीला फोन नंबर विचारला आणि कसा तोंडावर आपटला. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. एकदा मी म्हटलं, आम्हालाही न्या की. तर दादा म्हणाला, "तुम्हाला नाही आवडणार यार, फार गोंगाट असतो." आमची आवडनिवड यांना आमच्याआधी ठाऊक!

डिसेंबरात सेमिस्टर संपलं. माझी लॅब पार्टनर कोरियन होती, अबोल आणि कामाला वाघ. ती म्हणाली, चार महिने आपण तळघरातल्या लॅबमध्ये उंदरांसारखे काढलेत, आज नाचायला जायचं. आमच्या लॅबमधला सगळ्यात जुना विद्यार्थीही निघाला. तो तिथलाच, शिकागोच्या साउथ साइडचा, काळा, दोन मुलांचा बाप. बायकोलाही घेऊन आला होता. वयाचा पुरावा म्हणून माझ्याकडे पासपोर्टच होता. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिलेला तो पासपोर्ट क्लबच्या दारावरच्या पहिलवानाने टॉर्च मारून पानन् पान चाळला.

आणि मी नाचले. अहो, काय नाचले! गणपतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतली पोरं बेभान व्हायची आणि आम्ही मुली गच्चीतून बघायचो. ते सगळं साठलेलं त्या रात्री निघालं असावं. अर्धी बिअर प्यायले, ती कडू लागली, उरलेली कोरियन बाईसाहेबांनी संपवली. मध्येच बारच्या कडेला मला दादा दिसला, हातात ग्लास घेऊन दोन मित्रांबरोबर. मी आनंदाने हात हलवला. त्याने मान फिरवली. गर्दीत दिसले नसेन, असं म्हणून मी परत नाचायला लागले.

सकाळी फोन वाजला. बाबा. नेहमी ते रविवारी करायचे, म्हणून मी घाबरले, आईला काही झालं की काय. बाबांनी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही.

"दारू पितेस म्हणे. परक्या पुरुषांबरोबर नाचतेस म्हणे. तेही काळ्या."

'तसं नाही बाबा,' एवढंच म्हणू शकले. त्या माणसाची बायको माझ्या शेजारी नाचत होती हो! पण सांगू देतील तर ना.

"खोटं बोलू नकोस. त्या बिचाऱ्याने लगेच फोन केला म्हणून कळलं. मी माझ्या कानांनी तिथलं गाणं ऐकलंय, धडाधडा वाजत होतं. या सुट्टीतच परत यायचं. तिकिटाचं मी बघतो. एक स्थळही आलंय."

फोन ठेवल्यावर मी कॉटवर बसून राहिले. गाणं ऐकलंय! म्हणजे हा गृहस्थ त्याच क्लबमधून, संडासाजवळच्या त्या भिंतीवरच्या फोनवरून, फोनकार्डाचे लांबलचक नंबर दाबून जळगावला बोलत होता. एका हातात ग्लास असणार. आणि मागचा तो गोंगाट पुरावा झाला, पण माझ्याविरुद्ध! बोलणारा स्वतः कुठे उभा आहे, हा प्रश्न जळगावात कुणाला पडलाच नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तो शनिवारच होता. मी संध्याकाळी गेले, कोटसुद्धा न काढता सोफ्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्या घरी काय सांगितलंस?"

"हे बघ, चिडू नकोस. मी काकांना शब्द दिला होता. भाऊ म्हणून माझी काही जबाबदारी आहे की नाही?"

"आणि तू तिथे काय करत होतास?"

"माझं वेगळं आहे गं."

"काय वेगळं आहे? सांग ना!"

"मुलांचं वेगळं असतं. उद्या तुझं काही कमीजास्त झालं असतं तर?"

"तू तिथेच होतास की! दहा पावलांवर! घरी सोडायला आलास? साधं बोललास तरी माझ्याशी?"

सोफ्यावरची सगळी मुलं ताटात बघत होती. कालपर्यंत टाळ्या देऊन गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडाला कुलूप. एकजण तर म्हणाला, "जाऊ दे ना यार, जेवण गार होतंय." जेवा बाबांनो, गिळा.

मी निघाले तशी माझी रूममेट मागोमाग जिन्यात आली. ती नागपूरची, माझ्या एक वर्ष आधी आलेली. तिने माझा हात धरला आणि रडायलाच लागली. माझ्या आधी एक मुलगी मध्येच शिक्षण सोडून घरी गेली होती, आई आजारी पडली म्हणून, हे मी ऐकून होते.

"तिची आई ठणठणीत होती," रूममेट म्हणाली. "तिच्याही घरी यानेच फोन केला होता. ती एका मुलाबरोबर दोनदा पिक्चरला गेली होती, बस. जानेवारीत लग्न करून टाकलं तिचं. वर्गात पहिली होती गं ती."

जिन्यात मी मनाशी ठरवलं की मरेन पण जाणार नाही. रविवारी मीच घरी फोन लावला. माझी फी युनिव्हर्सिटी भरत होती, खर्चाला असिस्टंटशिप होती, म्हणजे तिकडून मला कुणी ओढून नेऊ शकत नव्हतं. तरी बाबांसमोर मी जन्मात कधी "नाही" म्हटलं नव्हतं.

"बाबा, मी येणार नाही. आणि एक विचारते, तुम्ही गाणं ऐकलंत ना? मग तो तिथे काय करत होता, हे त्याला का नाही विचारलंत?"

बाबांनी नुसता हुंकार दिला. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, "तो मुलगा आहे." आणि फोन ठेवला.

त्यानंतर बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. आई शेजारच्या काकूंकडून चोरून फोन करायची, जेवतेस ना, एवढंच विचारायची. मी लॅबमध्ये राबले. शनिवारची जेवणं बंद केली, राखीही नंतर कुणाला बांधली नाही. दादा डिग्री घेऊन न्यू जर्सीला नोकरीवर गेला आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले.

पीएचडीची मोठी परीक्षा पास झाले, तेव्हा मात्र राहवलं नाही. आमच्या वर्षातले निम्मे त्यात गळले होते. मी घरी फोन केला. नेमका बाबांनीच उचलला.

"बाबा, मी पास झाले."

"हो, कळलं. काल त्याचा फोन आला होता."

मला आधी समजेचना. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो न्यू जर्सीत, मी शिकागोत, पण बाबा दर रविवारी त्याला फोन करत होते. मी कुठे जाते, कुणाबरोबर दिसते, अभ्यास करते की नाही, सगळं त्याला विचारत होते आणि तो शिकागोतल्या मुलांकडून काढून त्यांना कळवत होता. माझ्याशी अबोला आणि माझी खुशाली त्याच्याकडून! मला एवढी मोठी परीक्षा पास झाल्याचं सांगायचं होतं, तेही त्याने आधीच सांगून टाकलं होतं.

मी रडले नाही. म्हटलं, "बाबा, आता मी सांगते ते ऐका. आज रात्री मी नाचायला जाणार आहे, लॅबमधल्या सगळ्यांबरोबर. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून स्वतः सांगतेय."

पलीकडून आईची बांगडी वाजलेली मला स्पष्ट ऐकू आली, म्हणजे तीही तिथेच उभी होती. मग बाबांनी घसा साफ केला. आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती.

"त्याला विचारलंयस का?" ते म्हणाले.