हँडबिलावरचे पैलवान

गार फरशीवर अनवाणी पाय पडला की मला सांगलीतला कॉम्प्युटर क्लास आठवतो; धूळ नको म्हणून चपला बाहेर काढूनच आत जायचं. तिथं आमच्या गावच्या जत्रेच्या हँडबिलासाठी, बोटं आखडेपर्यंत माउस ओढून, मी पहिलं चित्र काढलं: एक पैलवान चितपट, दुसरा त्याच्या छातीवर. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "झकास! पण कोण पडला ते तूच सांगून टाकलंस, मग कुस्ती बघायला येणार कोण गं?" रडवेली होऊन मी सगळं पुसलं आणि मुठीत तांबडी माती घेऊन एकमेकांवर नजर रोखलेले दोघं काढले. जत्रेत एक आजोबा ते हँडबिल निरखत शेजाऱ्याला विचारत होते, "ह्यातला कोण जिकंल रं?" आता मी गोष्टींच्या पुस्तकांची चित्रं काढते. मॅडम, माझं प्रत्येक चित्र अजून त्या आजोबांसाठीच असतं.