तोंड आलंय म्हणे

भाचीच्या बारशाला मला बोलावलं नाही. घरच्या घरी उरकलं, असं बहिणीच्या सासूनं नंतर फोनवर कळवलं. वाळूजच्या कारखान्यांतलं भंगार उचलून वर आलेला मामा चार शिकलेल्या पाहुण्यांत शोभला नसता, असा मी अर्थ लावला आणि धुमसत राहिलो. समोरचा किती भावाला तुटणार हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखतो. इथं मात्र चुकलो.

बाळ महिन्याचं होत आलं तेव्हा बहिणीचा फोन आला. बाळ अंगावर पीत नव्हतं, तोंड लावलं की किंचाळायचं, वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी तोंडाला लावायचं औषध दोनदा बदलून दिलं होतं. सासूनं 'तोंड आलंय' म्हटलं आणि त्या गृहस्थांनी तेच कागदावर उतरवलं. भिंतभर पदव्या, पण जीभ उचलून बघायला एक बोट निघालं नाही.

मग बहिणीनं आवाज बारीक केला. "दादा, तिला खाली दात आलाय. बारशाच्या आधीच. सासूबाई म्हणल्या, कुणाला बोलू नको."

आमच्याकडं समज आहे की तान्ह्या बाळाला अवेळी दात आला तर ते मामाला जड जातं. मामानं त्याचं तोंड बघू नये. शाळेत तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलेल्या सासूबाईंनी हे मानलं आणि दात मामापासून लपवला, तसा डॉक्टरांपासूनही लपवला.

मी पुंडलिकनगरला बहिणीच्या घरी पोचलो, तर सासूबाई दारात आडव्या. मी सौदा मांडला. "काकू, मी तिच्याकडं बघत नाय. गाडीचा आरसा फिरवून ठेवतो. पण लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरकडं आत्ताच्या आत्ता जायचं."

संध्याकाळी बघू, म्हणाल्या. मी पायरीवर बसलो आणि शेजारच्या गच्चीपर्यंत जाईल अशा आवाजात दाताचा विषय काढला. दुसरं वाक्य संपायच्या आत त्यांनी चपला घातल्या. अब्रूपुढं शकुन-अपशकुन लगेच स्वस्त होतात.

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात मी कबूल केल्याप्रमाणे भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. डॉक्टरबाईंनी बाळाची जीभ हलकेच उचलली आणि म्हणाल्या, "तोंड नाही आलेलं. दात आलाय."

खालच्या दाताची धार पिताना जिभेला घासत होती. तिथं जखम झाली होती आणि प्रत्येक घोटाला ती सोलली जात होती. दात मुळाशी हलतही होता. सुटून श्वासात गेला तर जिवावर बेतेल, म्हणून काढायचा ठरला. रक्त थांबावं म्हणून जन्मल्यावर देतात ते इंजेक्शन दिलं होतं का, हे त्यांनी आधी कागदांत तपासलं. मग डोकं धरायला माणूस हवा होता. बहीण पदरात तोंड लपवून बसली. सासूबाई खुर्चीतून हलल्या नाहीत.

"मामा, तुम्ही या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

भाचीचं तोंड मी पहिल्यांदा बघितलं ते असं, दोन्ही तळव्यांत धरून. दात तांदळाच्या कणीएवढा. सुन्न करायचं औषध लावून त्यांनी तो कापसाच्या कापडानं चिमटीत धरून उचलला. थोड्या वेळानं बाळानं अंगावर घेतलं. आधी थांबत थांबत, मग न सोडता. जखम भरायला आठ-पंधरा दिवस लागतील, असं बाईंनी सांगितलं.

"तुमच्याच जिवासाठी केलं हो सगळं," सासूबाई परतताना म्हणाल्या.

माझ्या जिवासाठी. पोर पंधरवडाभर उपाशी रडवून. मला विचारलं असतं तर याहून सरळ भाव सांगितला असता: माझं काय व्हायचं ते होऊ द्या, तिला दूध पिऊ द्या.

त्या बारशात ठेवलेल्या नावानं मी भाचीला आजही हाक मारत नाही. मी तिला दंताबाई म्हणतो. ती ओ देते. सासूबाईंना मात्र तेव्हा हटकून स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवतं.