ओटीतला नारळ आणि नोएडातलं घर

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढे कुणाला शोधत बसायला नको. ज्या घरात बसून मी हे लिहिते आहे, त्या घराचा भाव ठरायच्या आधीच मी विकणाऱ्या बाईंची ओटी भरून मोकळी झाले होते.

नाशिक-पुण्याकडच्या वाचकांना वाटेल, त्यात काय बिघडलं? सवाष्ण बाई, मी तिच्या घरी पहिल्यांदा गेलेली, त्यातून ती कायमची मुलाकडे कॅनडाला निघालेली. ओटी नाही भरायची तर काय करायचं? पण घर नोएडात होतं, बाई पंजाबी होती, आणि तिच्या ओढणीत मी नारळ, ब्लाउजपीस आणि वर सव्वा रुपया घातला होता. इकडे मुलीच्या ओटीत नारळ आणि रुपया पडला की सोयरीक पक्की. ‘शगुन’ झाला म्हणतात. त्यानंतर देण्याघेण्यावर बोलणारा माणूस हलका ठरतो. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये अर्धं आयुष्य काढून, शेजारच्या मुलींच्या शगुनाचे लाडू खाऊन, मला हे चांगलं माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांच्यामध्ये माझी नेहमीच एक बस चुकते.

तेव्हा सगळी दिल्ली घरं बघत सुटली होती. रविवार आला की क्वार्टरांमधले लोक बायकोला स्कूटरवर मागे बसवून जमनापार नाहीतर गुडगावकडे निघायचे आणि मोहरीच्या शेतात उभं राहून ‘इथे मार्केट येणार’ असं एकमेकांना सांगायचे. आमच्या ह्यांची रिटायरमेंट जवळ आली होती. क्वार्टर सोडावा लागणार होता. बाकीच्यांची मदार ऑफिसच्या कर्जावर. माझ्याकडे मात्र रोख पैसे होते, आणि ते माझे होते.

ते कसे माझे झाले, तेही सांगते. नाशिकबाहेर वडिलांची जमीन होती. वडिलांच्या मागे बहिणींनी हक्कसोडपत्रावर गुपचूप सह्या करायच्या, ही आमच्या घराण्याची रीत. मी सही केली नाही. म्हटलं, माझा वाटा मला द्या. मिळाला, पण भाऊबीजेची मनीऑर्डर बंद झाली. भाऊ सगळीकडे सांगत सुटला की बाईमाणसाच्या हाती एवढा पैसा, बघा कशी उधळते ते. म्हणजे हे घर महाग पडलं असतं, तर पहिले पेढे नाशिकला वाटले गेले असते.

म्हणून मी जय्यत तयारी केली होती. एकरकमी पैसे देणाऱ्याला भाव उतरवून मिळतो, हे सगळे सांगत होते. आरशासमोर उभी राहून चेहरा कडक करायला शिकले. कशाचंही कौतुक करायचं नाही, नुसतं ‘हं’ म्हणायचं, हे स्वतःला बजावलं. आणि निघताना पिशवीत नारळ टाकला. भाव पाडायला निघालेली बाई घरून नारळ घेऊन निघते, यावरून तयारी ओळखा.

घर बघितलं आणि माझा ‘हं’ दारातच गळून पडला. मागे छोटंसं अंगण, त्यात पेरूचं झाड, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन. मी प्रत्येक खोलीत ‘कितना अच्छा’ म्हणत हिंडले. घर दाखवणारा डीलर खूश. निघताना मी नारळ काढला, तर मालकीणबाईंनी कुणी न सांगता ओढणी पुढे पसरली. मला वाटलं, बायकांना हे जगात कुठेही कळत असावं.

“लो जी, मुबारक हो,” डीलर म्हणाला. “भाभीजी ने शगुन डाल दिया.”

मालकांनी हात जोडले, आतून बर्फी आली, आणि आमच्या ह्यांनी ती खाल्लीसुद्धा. मालकीणबाई नारळ मांडीत घेऊन शांत बसल्या होत्या.

परतताना यमुनेचा पूल आला. मग स्कूटर डुगडुगायला लागली, तेव्हा कळलं की हे हसताहेत. घरी आल्यावर म्हणाले, आता सांगितलेल्या किमतीला घे, नाहीतर सोडून दे, शब्द गेलाय आपला. मी म्हटलं, अहो, शब्द माझ्या तोंडातून जातो, नारळातून नाही. तर म्हणाले, मग तूच जा आणि सांग, मी येणार नाही, मी त्यांची बर्फी खाल्लीय.

गेले. दोन बसेस बदलून एकटी गेले. वाटेत स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की नोएडा येईपर्यंत त्या संपल्या आणि दुसऱ्यांसाठी काही उरल्या नाहीत, नाहीतर पुढचं बोलणं जास्त तिखट झालं असतं.

डीलरनं माझ्या मागे रस्त्याकडे बघत विचारलं, साहब नहीं आए? मी सांगितलं की साहेबांचे पैसे नाहीत, साहेब कशाला येतील? मग माझा भाव सांगितला. त्यांच्या किमतीत पन्नास हजार कमी. सगळी रक्कम एका ड्राफ्टमध्ये, कागद होतील त्याच दिवशी. कर्ज नाही, हप्ते नाहीत, टेबलाखालून एक पैसा नाही. मालकांचा चेहरा उतरला. डीलर मला समजावायला लागला की शगुनानंतर भाव करत नसतात, चांगल्या घरातल्या बायका तर नाहीच नाही. चांगलं घर हे शब्द ऐकले की मला हक्कसोडपत्र आठवतं.

माझं हिंदी तेव्हाही मराठीच्या चालीनंच चालायचं. म्हटलं, “हमारे में गोद औरत की भरते हैं, मकान की नहीं. नारियल इनका, वो मैं वापस नहीं माँगूँगी. भाव मेरा.”

डीलरनं दुसरी पार्टी काढली. जास्त देणारी, पण कर्ज मंजूर व्हायचं होतं. मी म्हटलं, मग थांबा त्यांच्यासाठी, कॅनडालाही सांगा थांबायला. उठले, चप्पल घातली. त्या पेरूच्या झाडाखाली मी मनातल्या मनात केव्हाच खुर्ची टाकून बसले होते. पण मागे वळून बघितलं नाही. वळले असते तर रडले असते आणि पन्नास हजार गेले असते.

बसस्टॉपवर डीलर स्कूटरवरून आला. आधा-आधा कर लो भाभीजी, म्हणाला. मी नाही म्हटलं. तो परत गेला. बस लांबून दिसायला लागली तेव्हा पुन्हा आला, घामाघूम. मालकिन मान गईं, म्हणाला. आत मालकीणबाईंनी नवऱ्याला सांगितलं होतं म्हणे की घर हिलाच द्यायचं, हिच्याच भावानं. का, ते त्यालाही कळलं नव्हतं. मला वाटलं, माझा बाणेदारपणा बघून भारावल्या असतील. तेव्हा मला असलं बरंच काही वाटायचं.

कागदांच्या दिवशी डीलरनं खरेदीदाराच्या जागी साहेबांचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं. त्यानं ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, मी फक्त बर्फी खायला आलोय. त्या वाक्यासाठी मी त्यांना पुढची बरीच वर्षं बरंच काही माफ केलं.

किल्ल्या देताना मालकीणबाई मला अंगणात घेऊन गेल्या. पेरूला पाणी कधी घालायचं ते दाखवलं. मला अवघडल्यासारखं झालं होतं. त्या दिवशीच्या नारळाचं वाईट वाटून घेऊ नका, असं मी सांगायला लागले. तुम्हाला आमची रीत ठाऊक नव्हती, चूक माझी होती, वगैरे. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग माझ्या हातावर किल्ल्या ठेवून म्हणाल्या:

“सरोजिनी नगर में ऊपरवाली पड़ोसन मराठी थी, बहनजी. हर चैत में बुलाकर मेरी गोद में नारियल डालती थी. तो क्या मैंने हर साल उसको मकान बेचा?”